वाऱ्याच्या नावावर बिल फाडू नका

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ च्या दुपारी कोसळला. तेव्हापासून एक मजकूर फिरतोय. मध्येच विरतो, निवडणूक लागली की पुन्हा वर येतो. परवा मामांनी तो घरच्या ग्रुपवर टाकला. खाली तीन नमस्कार आणि ‘खरी माहिती, जरूर वाचा’ अशी ओळ. मामांशी ग्रुपवर वाद घालायचा नसतो, म्हणून उत्तर इथे लिहितोय.

मजकुराचा गोषवारा असा. त्या दिवशी ताशी ४५ किलोमीटरचा वारा होता, निसर्गापुढे कोणाचं चालतं? समुद्रकाठी धातू गंजणारच. पुतळा नौदलाने उभारला, राज्य सरकारचा संबंध काय? कला संचालनालयाची रीतसर मंजुरी होती. विरोधकांनी फक्त राजकारण केलं. आणि शेवटी: पडला म्हणून तर त्याहून भव्य पुतळा मिळाला.

पहिला मुद्दा सगळ्यात हास्यास्पद, आणि त्याने सर्वात जास्त नुकसान केलंय. म्हणून आधी वारा.

४५ चा आकडा मजकूरवाल्याने स्वतःच्या मनाने काढलेला नाही, तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनीच तो दिला होता. आकडा खरा धरूया. ताशी ४५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर. वाऱ्याचा जोर मोजायची ब्यूफोर्टची जी मोजपट्टी आहे, तिच्यावर ही सहावी पायरी. या पायरीला मोठ्या फांद्या हलतात, विजेच्या तारा शिट्टी घालतात आणि छत्री सांभाळणं कठीण जातं. छत्री! हवामान खातं पावसाळ्यात मच्छीमारांना समुद्रात जाऊ नका म्हणून सांगतं, तेव्हा ‘ताशी ४५ ते ५५, झोत ६५ पर्यंत’ हे शब्द जवळजवळ पाठ झालेले असतात. मालवणच्या किनाऱ्याला हा वारा म्हणजे जून ते ऑगस्टचं नेहमीचं हवामान.

आता हिशेब. भारतात उघड्यावर काहीही उभारायचं तर वाऱ्याचा भार भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागावरून काढतात. त्यात मूळ वेग मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर आणि पणजीसाठी ३९ मीटर आहे. मालवण या दोघांच्या मधलं. कमीतला कमी, ३९ धरला तरी तो होतो ताशी १४० किलोमीटर. दाब वेगाच्या नव्हे, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: ०.६ गुणिले वेगाचा वर्ग. साडेबारा मीटरला दाब येतो चौरस मीटरमागे ९४ न्यूटन, म्हणजे सुमारे साडेनऊ किलो. ३९ मीटरला ९१२ न्यूटन, म्हणजे ९३ किलो. जवळजवळ दहापट. उंचीचा, मोकळ्या किनाऱ्याचा आणि वास्तूच्या महत्त्वाचा गुणक अजून लावलेला नाही, वरचा सुरक्षा-गुणकही सोडून दिलाय.

थोडक्यात, जो पुतळा ४५ च्या वाऱ्यात पडतो, तो पुस्तकातल्या भाराच्या एक दशांशात पडलेला असतो. ‘वाऱ्याने पडला’ हा त्याचा बचाव होऊ शकत नाही. तो कबुलीजबाब आहे.

पण मग पडला कसा? तुटला कुठे, ते बघा. कोसळल्यानंतरचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत: चबुतऱ्यावर उरले होते फक्त पाय. हे योगायोगाने होत नाही. उभ्या माणसाच्या पुतळ्यात वरचा सगळा भार, वाऱ्याचा सगळा ढकला, दोन घोट्यांतून खाली उतरतो. समोरून दिसणारं क्षेत्र ढोबळपणे ३० चौरस मीटर धरलं, तर ४५ च्या वाऱ्यात ढकला येतो २९० किलोच्या आसपास. तो जणू मध्यावर, म्हणजे पाच-सव्वापाच मीटर उंचीवर लागतो, आणि त्याची पीळ, म्हणजे तळाशी वाकवणारा जोर (बळ गुणिले उंची), घोट्यांवर येते दीड टन-मीटर. १४० च्या वाऱ्यात तीच पंधरा. जिथे वाकवणारी पीळ सर्वात जास्त, नेमका तिथेच पुतळा सर्वात बारीक. घोडेस्वार पुतळ्याला बहुतेक वेळा तीन-चार पायांचा किंवा शेपटीचा आधार मिळतो. उभ्याला दोन घोटेच. म्हणून अशा पुतळ्यात खरं काम चेहऱ्याचं नसून घोट्यांचं असतं: आतल्या सांगाड्याचे खांब पायांतून अखंड खाली यायला हवेत, चबुतऱ्याच्या काँक्रीटमध्ये खोल रुजायला हवेत, आणि घोट्यापाशी त्यांना जोड नसावा.

कांस्याचं कवच हा भार घेत नाही, घेऊ नये. कवच तुकड्या-तुकड्यांत ओततात आणि मग वेल्डिंगने जोडतात. इथे एक गोष्ट नेहमी बिघडते. जोड दिसू नये म्हणून वेल्डिंग घासून सपाट करतात. जास्त घासलं की जोडाची जाडीच निघून जाते, आणि वर रासायनिक रंग चढवला की आतली चूक डोळ्यांना दिसेनाशी होते. उद्घाटनाच्या दिवशी असा जोड आणि पक्का जोड यांत डोळ्याने फरक करता येत नाही. पुढे पावसाळाभर वारा तो जोड पुढे-मागे हलवत राहतो. तार हाताने मोडायची असली की आपण एकदाच जोर लावत नाही, दहा वेळा इकडेतिकडे वाकवतो. तसंच.

दुसरा मुद्दा, खारी हवा. यात अर्धं सत्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. समुद्राची हवा धातूला खाते. पण ‘गंजणारच’ यातला ‘च’ खोटा आहे. कांस्य आणि लोखंड एकमेकांना चिकटून ठेवले आणि मध्ये मिठाचं पाणी आलं की बॅटरी तयार होते, टॉर्चच्या सेलसारखी. यात लोखंड झिजतं, कांस्य वाचतं. त्यात मोठ्या कांस्याला छोटा लोखंडी बोल्ट लावला तर सगळी झीज त्या एवढ्याशा बोल्टवर येते. तो वर्षांत नाही, महिन्यांत जाऊ शकतो. शिवाय वेल्डिंगच्या बारीक छिद्रांतून आत शिरलेलं पाणी उतरून साठतं कुठे? पावलांत. पुन्हा घोट्यांपाशीच.

यावर उपाय गुपित नाहीत. सांगाडा आणि बोल्ट ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे (३०४ चे नकोत, खाऱ्या हवेत त्यांना खड्डे पडतात). दोन धातूंच्या मध्ये टेफ्लॉन किंवा तत्सम पट्टी, म्हणजे स्पर्शच होणार नाही. तळाशी पाणी निघून जायला भोकं. आणि आत माणूस शिरून बघू शकेल असं झाकण. न्यूयॉर्कच्या बंदरात १८८६ पासून उभी असलेली स्वातंत्र्यदेवता याचाच धडा आहे. तिच्या तांब्याच्या कवचाची जाडी जेमतेम २.४ मिलिमीटर. आतला सांगाडा लोखंडी होता, मध्ये लाखेत भिजवलेलं ॲस्बेस्टॉस होतं. ते झिजलं, लोखंड गंजलं, आणि १९८४ ते ८६ या काळात आतल्या लोखंडी पट्ट्या काढून ३१६ जातीच्या स्टीलच्या घातल्या. म्हणजे चूक तिथेही झाली होती, हवा तिथेही खारीच. पण ती चूक घेऊन ती जवळजवळ शंभर वर्षं उभी राहिली. राजकोटचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिनी पंतप्रधानांच्या हस्ते अनावरण झाल्यापासून मोजले तर २६६ दिवस.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. गेटवे ऑफ इंडियासमोरचा महाराजांचा अश्वारूढ पुतळा २६ जानेवारी १९६१ पासून समुद्राच्या तोंडावर आहे. प्रतापगडावरचा १९५७ चा, तिथे समुद्र नाही, पण महाबळेश्वरच्या शेजारचा पाऊस आणि घाटमाथ्यावरचा वारा आहे. त्या वाऱ्यापुढे ताशी ४५ म्हणजे झुळूक.

तिसरा मुद्दा: सगळं नौदलाचं. नौदलाने घटनेनंतर काढलेल्या निवेदनात म्हटलं होतं की प्रकल्पाची कल्पना आणि अंमलबजावणी नौदलाची, राज्य सरकारच्या समन्वयाने, आणि निधी राज्य सरकारचा. राज्याने नौदलाला २ कोटी ३६ लाख रुपये दिल्याचं तेव्हाचे बांधकाम मंत्री रवींद्र चव्हाण यांनीच सांगितलं होतं. तेव्हा नौदलाची जबाबदारी आहेच, त्यात शंका नाही. पण ‘संबंध काय’ हे विचारणाऱ्यांनी एक कागद वाचावा. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या मालवणच्या सहायक अभियंत्याने २० ऑगस्ट २०२४ ला नौदलाच्या अधिकाऱ्याला पत्र लिहिलं. शिल्पकाराने जूनमध्ये दुरुस्ती केली होती, तरी पाऊस आणि खाऱ्या वाऱ्याने नटबोल्ट गंजताहेत, पुतळा विद्रूप दिसतोय, कायमचा उपाय करा, असा त्याचा आशय. पुतळा पडला २६ ला. मध्ये सहा दिवस.

हे एकच पत्र अख्ख्या मजकुराला पुरून उरतं. वाऱ्याचा बचाव त्याने संपतो, कारण दोष वारा येण्याआधीच कागदावर आला होता. ‘राज्याचा संबंध नाही’ हेही संपतं, कारण लिहिणारा राज्याचा अभियंता आहे. आणि ‘गंजणारच’ हे तर त्याहून आधी. जूनमध्ये दुरुस्त केलेला बोल्ट ऑगस्टमध्ये गंजतो, म्हणजे जूनमध्ये बहुधा गंज घासून रंग लावला गेला, धातू बदलला गेला नाही. आठ महिन्यांत असा गंजणारा बोल्ट ३१६ चा असेल तर ३१६ ची व्याख्याच बदलावी लागेल. मात्र हे पत्र विभागाची ढाल नाही. गंज दिसल्यावर पुतळ्याभोवती दोरी बांधून लोकांना लांब ठेवायला कोणाचं टपाल लागत नाही. नंतर सरकारने नेमलेल्या तांत्रिक समितीनेही गंज, कमकुवत सांगाडा आणि चुकीचं वेल्डिंग हीच कारणं दिली. समितीचे प्रमुख नौदलाचेच अधिकारी होते.

कला संचालनालयाची मंजुरी. होती, पण कशाला? सहा फुटी मातीच्या नमुन्याला, आणि हे तेव्हाच्या संचालकांनीच सांगितलं. हे संचालनालय चेहरा, प्रमाण, पोशाख, जिरेटोप बघतं. सांगाडा तपासणं त्याचं काम नाही. सहा फुटांचा पुतळा ३५ फुटांचा केला की उंची होते पावणेसहापट, वारा अडवणारं क्षेत्र ३४ पट, आणि तळाशी येणारी वाऱ्याची पीळ १९८ पट. मातीचा नमुना बघून ‘पुतळा मजबूत आहे’ म्हणणं म्हणजे लग्नपत्रिका बघून जेवण चांगलं होतं म्हणणं.

राजकारण झालं का? झालं की. २८ ऑगस्टला राजकोटवरच राणे आणि आदित्य ठाकरे समर्थक भिडले, दगड फेकले गेले. किल्ल्यावर! १ सप्टेंबरला महाविकास आघाडीने गेटवेपाशी ‘जोडे मारो’ केलं. विधानसभा अडीच-तीन महिन्यांवर होती, कोणी काही कमी केलं नाही. पण पुतळ्यांचं राजकारण आपल्याकडे कालचं नाही. प्रतापगडच्या पुतळ्याच्या अनावरणाला ३० नोव्हेंबर १९५७ ला पंडित नेहरू आले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीने वाटेत जंगी निदर्शनं केली होती. तो पुतळा मात्र उभा आहे. राजकारणाने बोल्ट गंजत नाहीत. आणि पंतप्रधानांनी ३० ऑगस्टला पालघरच्या सभेत महाराजांची माफी मागितली. वाऱ्यासाठी कोणी माफी मागत नाही.

राहिला शेवटचा, ‘वाईटातून चांगलं’. तेव्हाचे मंत्री दीपक केसरकरही असंच काहीसं बोलून गेले होते. नवा, ६० फुटांचा पुतळा मे २०२५ मध्ये उभा राहिला, ज्येष्ठ शिल्पकार राम सुतार यांच्या कार्यशाळेकडून. पुतळा चांगलाच आहे. पण पहिला पडल्यावर महिनाभरात निघालेली निविदा वीसेक कोटींची होती, आणि तिच्यात शंभर वर्षं टिकण्याची अट होती, दहा वर्षं देखभालीची अट होती. तोच किनारा, तोच खारा वारा, तोच पाऊस. मजकूर म्हणतो तसं समुद्रकाठी पुतळा टिकूच शकत नसेल, तर सरकारने शंभर वर्षांची हमी मागितली कशाच्या जोरावर? म्हणजे टिकवता येतो, हे मागणाऱ्याला ठाऊक होतं. पहिल्या वेळी ते मागितलं गेलं नाही, एवढाच फरक.

आता पुतळा जवळजवळ पावणेदोनपट उंच आहे, म्हणजे घोट्यांवरची पीळही कितीतरी वाढलेली आहे. तेव्हा बघायचंच असेल तर देखभाल बघा: दर पावसाळ्याआधी आणि नंतर आत कोण उतरतं, पावलांतली पाण्याची भोकं मोकळी आहेत का, बोल्ट हातोडीने वाजवून बघतात की खालून दुर्बिणीने. अशा तपासणीची नोंदवही असावी लागते. ती मालवणात कोणत्या टेबलावर आहे, हे माहिती अधिकाराच्या दहा रुपयांच्या अर्जात विचारता येतं.