‘पोरांचा संघच जिंकतो’ : फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

ओक्लाहोमा सिटी थंडरने 22 जून 2025 ला, म्हणजे आपल्याकडे 23 च्या पहाटे, इंडियाना पेसर्सला सात सामन्यांच्या अंतिम मालिकेतल्या सातव्या, निर्णायक सामन्यात हरवून एनबीएचं, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचं, विजेतेपद घेतलं. तेव्हापासून नाशिकच्या बास्केटबॉलवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतोय. गोषवारा असा: ‘सगळ्यात तरुण संघ चॅम्पियन झाला. तिशीनंतरचा खेळाडू म्हणजे ओझं. पोरं एकत्र ठेवा, तीन-चार वर्षांत कप आपोआप येतो. नाशिकच्या क्लबांनीही सिनियर संघातून पंचविशीवरच्यांना बाजूला करावं.’

शेवटच्या वाक्यावर काही ठिकाणी खरोखर विचार सुरू आहे, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

‘सगळ्यात तरुण संघ चॅम्पियन झाला’

थंडर तरुण होता, यात वाद नाही. खेळलेल्या मिनिटांच्या हिशेबाने त्यांचं सरासरी वय साडेपंचवीसच्या आसपास होतं. इतका तरुण विजेता त्याआधी 1977 मध्ये दिसला होता: पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्स, ज्यांचा आधार होता 24 वर्षांचा बिल वॉल्टन. दोन्हींच्या मध्ये 48 वर्षं गेली. त्या काळात 1998 च्या शिकागो बुल्सने कप घेतला तेव्हा जॉर्डन 35 चा, पिपेन 32 चा आणि रॉडमन 37 चा होता. 2011 च्या विजेत्या डॅलसचा पॉइंट गार्ड (चेंडू पुढे आणून खेळ मांडणारा) जेसन किड 38 चा होता. 48 वर्षांनी एकदा घडलेल्या गोष्टीवरून नियम काढायचा, तर मधल्या सगळ्या विजेत्यांचं काय करायचं?

आता हे ‘सरासरी वय’ काढतात कसं, ते बघू. मेसेजमधला सगळा घोळ इथेच आहे. सरासरी दोन प्रकारे निघते. एक साधी: यादीतल्या सगळ्यांच्या वयांची बेरीज, भागिले खेळाडू. दुसरी मिनिटांच्या वजनाची: प्रत्येकाचं वय गुणिले त्याची मिनिटं, त्या सगळ्याची बेरीज, भागिले एकूण मिनिटं. एनबीएचा सामना 48 मिनिटांचा, कोर्टवर पाच जण, म्हणजे 240 मिनिटं. आपल्याकडे फिबाच्या (जागतिक बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांनी 40 मिनिटं, म्हणजे 200.

समजा एका क्लबचे 12 खेळाडू आहेत. 31 वर्षांचा 34 मिनिटं खेळतो, 29 चा 32, 27 चा 30, 24 चा 32, 22 चा 26, 20 चा 18 आणि 19 चा 14 मिनिटं. उरलेले पाच जण 18 वर्षांचे, त्यांच्यात मिळून 14 मिनिटं. साधी सरासरी येते 21.8. मिनिटांच्या वजनाने येते 25.05. संघ तोच, सामना तोच, फरक तीन वर्षांपेक्षा जास्त. बेंचवर अठराची पाच पोरं बसली की कागदावर संघ ‘तरुण’ दिसतो. सामना मात्र 27 ते 31 वाले ओढत असतात. ग्रुपवर येणारे आकडे बहुतेक वेळा साध्या सरासरीचे असतात आणि कोणते आहेत हे कुणी लिहीत नाही. दोन संघांची तुलना करताना एकाचा साधा आणि दुसऱ्याचा वजनाचा आकडा घेतला की निष्कर्ष पूर्ण उलटा निघू शकतो.

आणि थंडरने कप आणला तो अधिक तरुण होऊन का? 2024 मध्ये ते 57-25 (57 विजय, 25 पराभव) असे खेळले आणि प्लेऑफच्या, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांच्या, दुसऱ्या फेरीत डॅलसकडून हरले. डॅलसने थंडरच्या जॉश गिडीला बाहेरून मोकळं सोडलं आणि त्याच्यावरचा बचावपटू रिंगखाली मदतीला ठेवला. शिवाय थंडर रिबाउंडमध्ये (हुकलेल्या शॉटनंतरचा चेंडू मिळवण्यात) कमी पडत होता. त्या उन्हाळ्यात क्लबने 21 वर्षांचा गिडी शिकागोला दिला आणि बदल्यात 30 वर्षांचा ॲलेक्स करूसो घेतला, ज्याच्याकडे 2020 चा लेकर्सबरोबरचा कप होता. रिबाउंडसाठी 26 वर्षांचा सेंटर आयझाया हार्टेनस्टाइन तीन वर्षांच्या, 8 कोटी 70 लाख डॉलरच्या करारावर आला. पुढच्या मोसमात थंडर 68-14. म्हणजे ज्या संघाचा दाखला देऊन वयाने मोठ्या खेळाडूंना काढा म्हणतात, त्याच संघाने एकविशीतला देऊन तिशीतला घेतला आणि मग कप जिंकला.

करूसोने नेमकं काय केलं, ते 2025 च्या प्लेऑफमधल्या डेन्व्हरविरुद्धच्या सातव्या सामन्यात बघावं. समोर निकोला जोकिच, 6 फूट 11 इंच. करूसो 6 फूट 5. मागे उभा राहिला असता तर जोकिचने त्याला रेटत रिंगखाली नेलं असतं. म्हणून करूसो पुढे उभा राहिला, जोकिच आणि चेंडूच्या मध्ये. त्यामुळे पास द्यायचा तर डोक्यावरून, उंच, हळू. आणि तो हवेत असेपर्यंत मागून उंच सहकारी मदतीला येतो. यात उडी फार लागत नाही. पाय सतत अर्धं पाऊल हलते ठेवावे लागतात, पास कुठून येणार हे एक क्षण आधी कळावं लागतं आणि मागच्याला ओरडून सांगत राहावं लागतं. थंडर 125-93 जिंकला. हे काम विशीतल्या पोराला शिकवता येतं, पण पहिल्याच सातव्या सामन्यात त्याच्याकडून अपेक्षित धरता येत नाही.

‘तिशीनंतरचा खेळाडू म्हणजे ओझं’

वयाबरोबर काही गोष्टी जातात: पहिल्या पावलाचा वेग, लागोपाठची दुसरी-तिसरी उडी आणि सर्वांत आधी सामन्यानंतर अंग पूर्ववत व्हायचा वेग. शॉट, पास, उभं राहायची जागा आणि बचावातलं बोलणं टिकतं, अनेकदा सुधारतंही. अल हॉरफर्ड सुरुवातीच्या मोसमांत तीन गुणांचा शॉट क्वचितच घ्यायचा. नंतर त्याने तो कमावला आणि 2024 मध्ये, 38 व्या वर्षी, बोस्टनकडून पहिला कप उचलला.

इथे मिनिटं सांभाळणं कळीचं आहे. 2013-14 च्या साखळी मोसमात सॅन अँटोनिओ स्पर्सच्या एकाही खेळाडूची सरासरी 30 मिनिटांवर गेली नाही, तरी संघ 62-20. अंतिम फेरीत डंकन 38 चा, जिनोबिली 36 चा होता. त्यांनी मायामीला 4-1 हरवलं आणि फायनल्सचा सर्वोत्तम खेळाडू ठरला 22 वर्षांचा कवाय लेनर्ड. त्या संघाला म्हातारा म्हणायचं की तरुण? सरासरी वय या प्रश्नाला उत्तरच देत नाही.

दुसऱ्या टोकाचा मेसेजही कधीमधी येतो, ‘अनुभवच जिंकतो’. तोही खोटा आहे. 2021-22 च्या लेकर्सकडे लेब्रॉन 37, कार्मेलो अँथनी 37, ड्वाइट हॉवर्ड 36, वेस्टब्रुक 33 असा ताफा होता. निकाल 33-49, प्लेऑफच्या शेवटच्या जागांसाठीचं प्ले-इनसुद्धा हुकलं. ब्रुकलिन नेट्सने 2013 मध्ये गार्नेट आणि पिअर्ससाठी बोस्टनला ड्राफ्टमधल्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतल्या) पहिल्या फेरीच्या तीन निवडी आणि एका वर्षी निवड अदलाबदलीचा हक्क देऊन टाकला. नेट्स दुसऱ्या फेरीत संपले. त्याच निवडींतून बोस्टनकडे जेलन ब्राउन आणि जेसन टेटम आले, आणि 2024 चा कप याच दोघांभोवतीच्या संघाने जिंकला.

‘पोरं एकत्र ठेवा, कप आपोआप येतो’

हा मुद्दा सर्वांत गोड वाटतो आणि सर्वांत जास्त फसवतो. याच ओक्लाहोमाकडे 2012 मध्ये ड्युरँट 23, वेस्टब्रुक 23, हार्डन 22 आणि इबाका 22 होते. अंतिम फेरीत मायामीने 4-1 हरवलं. तिथे लेब्रॉन 27 चा, वेड 30 चा. सगळे म्हणाले, ही पोरं पुढची दहा वर्षं राज्य करतील. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हार्डन ह्यूस्टनला गेला आणि थंडर पुन्हा अंतिम फेरीत पोचला तो थेट 2025 मध्ये, पूर्ण वेगळ्या खेळाडूंसह.

कारण पैशात आहे. ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा करार चार मोसमांचा: पहिले दोन पक्के, पुढचे दोन क्लबच्या मर्जीवर, रक्कम निवडीच्या क्रमांकावरून ठरलेली. त्यानंतर कमाल पगार संघाच्या पगारमर्यादेच्या 25 टक्क्यांपर्यंत जातो, सात मोसम झाले की 30 आणि दहा झाले की 35. थंडरने 2025 चा कप जिंकला तेव्हा जेलन विल्यम्स आणि चेट होल्मग्रेन दोघंही 2022 च्या निवडीतले, अजून पहिल्या स्वस्त करारावर होते. त्यामुळेच हार्टेनस्टाइनला द्यायला पैसे उरले. पोरं चांगली निघाली की महाग होतात, आणि सगळ्यांना ठेवणं अवघड होतं. ‘आपोआप’ काहीच होत नाही.

डेट्रॉइट पिस्टन्सचं उदाहरण आम्हाला सर्वांत बोलकं वाटतं. 2023-24 मध्ये पोरांचाच संघ, त्यात सलग 28 पराभव, मोसम 14-68. पुढच्या मोसमाला केड कनिंगहॅम तोच, 23 वर्षांचा. प्रशिक्षक बदलला, आणि टोबायस हॅरिस व टिम हार्डवे ज्युनियर हे 32 वर्षांचे दोघे आणि 28 चा शूटर मलिक बीझली आले. निकाल 44-38. सगळं श्रेय या तिघांना देता येणार नाही, पण कारण बघण्यासारखं आहे: बाहेर शूटर उभे राहिले की कनिंगहॅमसमोरची गर्दी पांगते. आधी तो आत शिरला की तीन जण वाट अडवायचे, कारण बाहेरच्यांची भीतीच नव्हती.

म्हातारे संघ जास्त जिंकतात असं आकड्यांत दिसतं, त्यामागे बऱ्याचदा कारण-परिणामाची उलटी वाट आहे. हरणारा संघ मोसमाच्या मध्यात आपले मोठे खेळाडू विकतो आणि उरलेली मिनिटं पोरांना देतो. त्याचं वय हरल्यामुळे कमी होतं. जिंकणाऱ्या संघाकडे तिशीवाले किमान पगारावरही येतात; त्याचं वय जिंकल्यामुळे वाढतं. शिवाय 34 व्या वर्षीही लीगमध्ये टिकलेला खेळाडू मुळात चांगलाच असतो, कारण बाकीचे केव्हाच बाहेर पडलेले असतात.

‘नाशिकच्या क्लबांनी पंचविशीवरच्यांना काढावं’

शालेय स्पर्धांत 14, 17 आणि 19 वर्षांखालचे गट असतात. तिथे वयाचा प्रश्न नियमच सोडवतो. वाद आहे तो खुल्या गटाचा. एनबीएच्या क्लबकडे ड्राफ्ट असतो, दरवर्षी नवी पोरं येतात. आपल्याकडे पोरगा 18-19 व्या वर्षी खेळात तयार होऊ लागतो आणि शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्या-मुंबईला जातो. पंचविशीवरचेही काढले, तर सरावाला आठ जणसुद्धा जमणार नाहीत आणि पाच विरुद्ध पाच खेळताच येणार नाही. थंडरची नक्कल इथे मुळापासूनच बसत नाही.

कुणाला ठेवायचं हे ठरवण्याआधी सहा सामन्यांची मिनिटं मोजा. स्कोअरशीटवर खेळाडू सामन्यात उतरल्याची खूण आणि फाउल असतात, मिनिटं नसतात. ती वेगळी ठेवावी लागतात. वहीत 12 आडव्या ओळी आणि 40 उभे रकाने आखा. घड्याळाचं प्रत्येक मिनिट पूर्ण झालं की कोर्टवरच्या पाच जणांपुढे टिंब. शेवटी टिंबं 200 भरली पाहिजेत. कमी भरली तर एखादी बदली निसटली, जास्त भरली तर बाहेर गेलेल्यापुढेही टिंब पडलं. हे काम बेंचवरच्या खेळाडूला देऊ नका, तो मध्येच आत जातो आणि वही रिकामी राहते. त्याच वहीत चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या पाच मिनिटांत चेंडू कोणाच्या हातून प्रतिस्पर्ध्याकडे गेला, ते नावानिशी लिहा.

मग तिशीच्या खेळाडूंची मिनिटं तुकड्यांत वाटा: एका वेळी चार-पाच, मग बाहेर. बदल्यांवर मर्यादा नाही, ती सवलत वापरा. आपली बरीच कोर्ट सिमेंटची आहेत, गुडघे आणि टाचांवर प्रत्येक उडी बसते. म्हणून स्पर्धेत एका दिवशी दोन सामने असतील तर मोठ्यांना दुसऱ्या सामन्यात पहिल्याच्या निम्मी मिनिटं द्या. आणि 19-20 च्या पोरांना उरलेली मिनिटं शेवटी, 20 गुणांची आघाडी झाल्यावर देऊ नका. दुसऱ्या क्वार्टरमध्ये द्या, दोन मोठ्यांसोबत, सामना अटीतटीचा असताना.