त्याला पाव आणा म्हणायचे

नाणी जमवणाऱ्या जाणकारांसमोर 'ढब्बू पैसा' हा शब्द उच्चारू नये, एवढे जरी मला कोणी आधी सांगितले असते, तरी माझा एक अख्खा रविवार आणि बराचसा आत्मसन्मान वाचला असता.

आजी गेल्यावर तिच्या पेटीत एक पितळी डबा निघाला. त्यात जुनी नाणी होती आणि त्यांतल्या प्रत्येकाला आजीने ठेवलेले नाव घरात सर्वांना पाठ होते. ढब्बू पैसा, भोकाचा पैसा, चवली, पावली, राणीचा रुपया आणि बोडक्याचा रुपया अशी ती सारी मंडळी होती. भोकाचे पैसे तिने सुतळीत ओवून ठेवले होते, त्यामुळे ते नाण्यांपेक्षा एखाद्या कालवडीच्या गळ्यातले वाटत. पुण्यात दर महिन्याला काही संग्राहक एकत्र जमतात असे कळल्यावर, ही नाणी नेमकी काय आहेत ते विचारावे म्हणून मी डबा पिशवीत घातला आणि निघालो. निघण्यापूर्वी, पाहुण्यांकडे जाताना मुलांची तोंडे धुवावीत त्या भावनेने, मी सगळी तांब्याची नाणी चिंच आणि मीठ लावून लखलखीत घासली.

तिथे ज्यांना सगळे 'सर' म्हणत होते, त्या निवृत्त गृहस्थांनी हातमोजे चढवले, भिंग डोळ्याला लावले आणि पहिले नाणे उचलताच तोंडातून असा काही उद्गार काढला की मला वाटले, घबाड सापडले.

"याचा पॅटिना कुठे गेला?" त्यांनी विचारले.

मी ज्याला मळ म्हणत होतो, त्याला पॅटिना म्हणतात आणि तो जमायला शंभर वर्षे लागतात, हे मला तिथे समजले. तो घालवायला मला वीस मिनिटे लागली होती. विषय बदलावा म्हणून मी घाईघाईने म्हणालो, "सर, हा ढब्बू पैसा."

"ढब्बू म्हणजे दोन पैशांचे नाणे. दोन पैसे म्हणजे अर्धा आणा. हा एक पैसा आहे, म्हणजे ढब्बू नव्हे. आणि याला पैसाही म्हणायचे नाही. पाव आणा म्हणायचे. नाण्यावरच लिहिले आहे."

मी भिंगातून पाहिले. खरोखरच त्यावर इंग्रजीत 'पाव आणा' असे लिहिलेले होते. आमच्या आजीने, तिच्या सासूने आणि त्या काळच्या तमाम वाण्यांनी, भाजीवाल्यांनी आणि भिकाऱ्यांनी ज्याला जन्मभर पैसा म्हटले, त्या नाण्याचे सरकारदरबारचे नाव पाव आणा होते आणि ते कोणीही वाचलेले नव्हते.

"म्हणजे ही पावलीच झाली की," मी समजूतदारपणे म्हणालो.

सरांनी भिंग खाली ठेवले. एखाद्या मुलाने गणिताच्या पेपरात कविता लिहिली तर शिक्षक जसे पाहतील, तसे त्यांनी माझ्याकडे पाहिले. पावली म्हणजे पाव रुपया, चार आणे. हा पाव आणा. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै, म्हणजे रुपयाचे ६४ पैसे आणि १९२ पै. पै या नाण्यावर 'एक बारांश आणा' असे लिहिलेले असे आणि अर्ध्या पैशाला बाजारात दिडकी म्हणत, कारण ती दीड पै. इथपर्यंत मी बोटांवर मोजत कसाबसा आलो होतो. तेवढ्यात एक लहानसे चांदीचे नाणे निघाले आणि मी हिंदी चित्रपटांच्या आधारावर ठोकून दिले, "ही चवली, म्हणजे चवन्नी, म्हणजे चार आणे."

"चवली म्हणजे दोन आणे."

चवलीत चार नाहीत आणि चवन्नीत चार आहेत, हा अन्याय कोणी केला हे मी विचारले नाही, कारण शेजारच्या खुर्चीवरचे दोन संग्राहक आपले काम सोडून माझ्याकडे पाहू लागले होते.

यानंतर तासभर मी जे जे बोललो ते ते दुरुस्त होऊन परत आले. छापा-काटा म्हणायचे नाही. तो शब्द नाणेफेकीपुरता ठीक, इथे दर्शनी बाजू आणि पृष्ठभाग म्हणायचे. बोडक्याचा रुपया म्हणायचे नाही. तो सातव्या एडवर्डचा रुपया, १९०३ ते १९१०, दर्शनी बाजूस राजाचे उघडे मस्तक. आता 'उघडे मस्तक' आणि 'बोडका' यांत आजीचे काय चुकले होते, हे मला आजही कळलेले नाही. त्याच्यानंतरच्या राजांच्या डोक्यावर मुकुट आणि याच्या डोक्यावर काही नाही, हे तिने भिंग न लावता ओळखले होते.

भोकाच्या पैशाची पाळी आली तेव्हा मात्र मला थोडा धीर आला. महायुद्धात तांब्याची चणचण भासली म्हणून १९४३ साली सरकारने हे मधोमध भोक असलेले कांस्याचे नाणे काढले. त्यावर राजाचा चेहरा नाही, कारण चेहरा असायचा तिथेच भोक आहे. मी ते भिंगाखाली धरले आणि मजकूर मोठ्याने वाचला. तिथे पाव आणा नव्हताच. तिथे चक्क 'एक पैसा' लिहिले होते. म्हणजे १८३५ पासून शंभराहून अधिक वर्षे टांकसाळ ज्याला हट्टाने पाव आणा म्हणत आली, त्याचे नाव तिने शेवटी भाजीवालीला विचारूनच छापले. हे मी सरांना जरा विजयी स्वरात सांगितले.

"१९४३ पासून पैसा. १९४२ पर्यंत पाव आणा," सर म्हणाले आणि सुतळीची गाठ सोडू लागले.

मग त्यांनी स्वतःचा अल्बम उघडला आणि एका रुपयावर बोट न टेकवता बोट ठेवले. "हा माझा डुक्कर रुपया," ते म्हणाले. माझा कानांवर विश्वास बसेना. पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर राजाच्या वस्त्रावरील हत्ती इतका आखूड पायांचा आणि आखूड सोंडेचा कोरला गेला की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, नाणी मागे घेतली गेली आणि १९१२ मध्ये हत्ती सुधारून काढला. ही हकिगत सरांनी रंगवून सांगितली. पुढच्या पानावर दुदांडी शिवराई होती, तिच्यावरच्या दोन दांड्यांमुळे तसे म्हणतात. त्यापुढे अंकुशाचे चिन्ह असलेला अंकुशी रुपया आणि चांदवडच्या टांकसाळीचा चांदवडी.

"सर, ही तर सगळी टोपणनावेच झाली," मी म्हणालो.

"त्या संज्ञा आहेत."

"मग ढब्बू?"

"तो बाजारी शब्द आहे."

टोपणनावाची संज्ञा व्हायला किती वर्षे लागतात, पॅटिनाइतकी की त्याहून जास्त, हे विचारण्याची माझी फार इच्छा होती. परंतु माझ्या नाण्यांचे वजन व्हायचे अद्याप बाकी होते.

खरी आपत्ती घरी आल्यावर ओढवली, कारण मला ती विद्या चढली. 'चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला' असे कोणी म्हणाले की मी मनात त्याचे पैसे करू लागलो. कंडक्टरने 'पाचचा ठोकळा आहे का?' असे विचारले, तेव्हा त्याला मूल्यवर्ग म्हणजे काय ते मी सांगू लागलो आणि माझा थांबा गेला. सराफ ज्याला गिन्नी म्हणतो ते सॉव्हरिन नावाचे ब्रिटिश सोन्याचे नाणे असते, ब्रिटनमध्ये गिन्नी पाडणे १८१४ सालीच बंद झाले आणि १९१८ साली तर सॉव्हरिन खुद्द मुंबईत पाडली गेली, हे मी एका साखरपुड्यात तीन वेगवेगळ्या नातेवाइकांना सांगितले. चौथ्याने मला जेवायला बसवले.

अशा अवस्थेत मी आत्याकडे गेलो. तिच्याकडे पुतळ्यांची माळ होती. तिच्यातल्या पाच पुतळ्या सुटल्या होत्या आणि त्या नीट ठेवायला तिला पाकीट हवे होते. मी एक पुतळी कडेने धरून भिंगाखाली घेतली.

"आत्या, याला पुतळी म्हणायचे नाही. हे व्हेनिसचे सोन्याचे नाणे, डुकाट, किंवा त्यावरून इकडच्या सोनाराने केलेली नक्कल."

"त्यावर राम आहे."

"तो राम नाही. ते संत मार्क आहेत. आणि त्यांच्यापुढे गुडघे टेकलेला दिसतो ना, तो व्हेनिसचा प्रमुख. त्याला डोज म्हणतात."

आत्याने पुतळी माझ्या हातातून घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि ती डोळ्यांजवळ नेली. "उभा आहे त्याच्यापुढे गुडघे टेकून बसलाय," ती म्हणाली, "म्हणजे मारुती."

"त्याच्या हातात दंड आहे, आत्या."

"गदा असणार ती."

"आणि मागच्या बाजूला ताऱ्यांमध्ये ख्रिस्त उभा आहे."

"ताऱ्यांमध्ये कोण उभा असतो ते मला नको सांगूस. सूर्यनारायण आहे तो. चाळीस वर्षे मी हळदकुंकू वाहतेय."

मी वाद घातला नाही. पुतळ्या पाकिटात घातल्या आणि त्यावर, सरांनी शिकवल्याप्रमाणे, सुवाच्य अक्षरात 'डुकाट (नक्कल असण्याची शक्यता), सुवर्ण, व्हेनिस' असे लिहिले. आत्याने ते वाचले, पाकीट उलटे केले आणि त्याच्या पृष्ठभागावर, किंवा आता तीच दर्शनी बाजू झाली असल्यास तिच्यावर, पेनने लिहिले, 'राम-मारुती, पाच नग'.