माहिती अर्जाला कारण आणि आधार लागत नाही

जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक संदेश फिरतोय: ग्रामपंचायतीचा खर्च विचारायचा तर कारण लिहा, आधार जोडा, शिवाय अर्जदार त्याच गावचा हवा. तिन्ही गोष्टी चूक. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ६(२) नुसार कारण विचारताच येत नाही. "तुले कसाले जोयजे?" (तुला कशाला हवं?) हा प्रश्न पारावर ठीक, टेबलावर नाही. भारताचा कोणीही नागरिक अर्ज करू शकतो.

लागतं एवढंच: १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, नाव, पत्ता. पोच मात्र सहीशिक्क्यासह घ्याच.

अर्ज अडतो तो मजकुरामुळे. राज्याच्या नियमात एक विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. "रस्ता निकृष्ट का?" असं विचारू नका, "२०२३-२४ मध्ये १५ व्या वित्त आयोगातून झालेल्या अमुक रस्त्याचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही), देयक यांच्या प्रती" असं मागा. मोजमाप पुस्तिका दुसऱ्या कार्यालयात असेल तर अर्ज ५ दिवसांत तिकडे पाठवणं अर्ज घेणाऱ्या कार्यालयाचंच काम. प्रती २ रुपये पान. माहिती न देता ३० दिवस उलटले तर प्रती फुकट. मग पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचं स्टॅम्प लावून.