एवढ्याशा तुकड्यात आहे तरी काय? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, एवढी सविस्तर कमेंट लिहिलीत, थँक्स. तुमचं म्हणणं असं की 'गेंजी मोनोगातारी' या जुन्या जपानी कादंबरीच्या चित्रगुंडाळीचा (आधी मजकूर, मग चित्र अशी लांबलचक कागदी गुंडाळी) रंग उडालेला एक तुकडा, त्यात सगळ्यांचे चेहरे सारखे, भाव शून्य, आणि मी निव्वळ जुनं आणि जपानी म्हणून त्याला डोक्यावर घेतलंय.

चेहऱ्यांचं म्हणाल तर खरंय, डोळ्याच्या जागी रेघ, नाकाच्या जागी हुकासारखा बाक, बस्स. पण चित्रकाराला जमत नव्हतं म्हणून नाही हो, दरबारी माणसं काढायची तेव्हाची रीतच ती, भाव दुसरीकडे असतो. टोकियोच्या गोतो म्युझियममधला 'मिनोरी' प्रकरणाचा तुकडाच घ्या, ज्यावर तुम्ही वैतागलात. शेवटच्या आजारात मुरासाकी टेकून बसलीय, तिचा नवरा म्हणजे कादंबरीचा नायक गेंजी आणि तिची मानसकन्या महाराणी सोबत आहेत. घराचं छप्पर चित्रकाराने सरळ काढूनच टाकलंय, आपण वरून खोलीत डोकावतो, आणि घराच्या रेघा इतक्या तिरक्या की माणसं आता घसरतील असं वाटतं. गुंडाळी उजवीकडून डावीकडे बघत जायची, म्हणजे नजर तिच्यावरून निघते आणि बागेत येऊन थांबते, तिथे वाऱ्याने वाकलेलं गवत. रडणंबिडणं जे काय आहे ते सगळं त्या गवतात आहे.

आणि एक विचारू का, चित्राच्या आधीचा मजकूर तुम्ही स्क्रोल करून पुढे गेलात ना? खरी गंमत तिथेच आहे. सुरुवातीला ओळी सुट्या, ऐसपैस, आणि मुरासाकीचं मरण जवळ येतं तशा त्या दाटत जातात, शेवटी एकमेकींवर चढतात. मला जपानी वाचता येत नाही, तरी दम लागल्यासारखं ते अक्षर दिसतं.

कादंबरीची प्रकरणं ५४, आणि १२व्या शतकातल्या या गुंडाळ्यांमधली चित्रं उरलीत जेमतेम विसेक. हरवलेल्यावर मी उसासे टाकत बसले असते तर तुमची टीका मुकाट ऐकून घेतली असती, पण मी जे समोर आहे त्यावरच लिहिलंय. 'जपानमध्ये तरी कोण विचारतं याला' म्हणालात, तर २००० साली निघालेल्या २००० येनच्या नोटेवर मागे याच गुंडाळीतलं 'सुझुमुशी' प्रकरणाचं चित्र आहे (नोट फारशी चालली नाही, तो भाग वेगळा).

रंग उडालाय हे मात्र मान्य. फक्त मजकुराच्या कागदावरचे जे काळपट डाग तुम्हाला बुरशी वाटले ती सजावटीची चांदी आहे, काळी पडलेली.