एक वीत अंतर

कितीही वाकलो तरी माझ्या हाताची बोटं आणि पायाचे अंगठे यांच्यात एक वीत अंतर राहायचं. इतकी वर्षं दोघांचं एकमेकांवाचून बरं चाललं होतं. मोजे घालताना ‘आई गं’ निघायला लागलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, “योग करा.” कोणता, ते मात्र बोलले नाहीत.

पहिला गाठला अष्टांग विन्यास, पट्टाभि जोइसांचा. आसनांचा क्रम ठरलेला, श्वासाच्या तालावर एकातून दुसऱ्यात शिरायचं, बहुतेक आसनांत पाच श्वास थांबायचं. दमसास वाढतो, ताकद येते. पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकताना, नजर पायाच्या अंगठ्यांवर ठेवायची असते. माझी होतीच, लग्नात दूरच्या नातेवाइकाकडे बघावं तशी. माझा तिसरा श्वास होईतो वर्ग दोन आसनं पुढे गेलेला असायचा.

मग हॉट योग. 40 अंश तापमान, 90 मिनिटं, 26 आसनं. उष्णतेनं स्नायू सैल पडतात, हे खरं. माझा निर्धारही पडला. त्या दिवशी बोटं अंगठ्याच्या बरीच जवळ गेली होती म्हणतात, पण मी तेव्हा पाण्याची बाटली चाचपत होतो.

यिन योगात उलट सगळं संथ. एकेका स्थितीत तीन ते पाच मिनिटं, स्नायू ढिले सोडून सांध्यांभोवतीच्या खोल ऊतींना हळूहळू ताण द्यायचा. पश्चिमोत्तानासनासारख्या स्थितीला तिथं सुरवंट म्हणतात. पहिल्या मिनिटाला मला शांत वाटलं. दुसऱ्याला गॅस बंद केला का, ते आठवेना. तिसऱ्याला शाळेतले सगळे अपमान क्रमवार आठवले.

शेवटी अय्यंगार पद्धतीकडे वळलो. बाईंनी आधी नुसतं उभं केलं. ताडासन! उभं राहणं तरी आपल्याला येतं, अशी माझी समजूत होती. टाच, गुडघ्याची वाटी, खांदा असं करत बाईंनी तीही उतरवली. मग खाली बसवून तळव्यांभोवती एक पट्टा अडकवला आणि टोकं माझ्या हातात दिली. “अंतर आहे ना, असू दे. पाठ सरळ ठेवा.” अंगठ्याच्या बाबतीत इतकं समजुतीनं माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. अय्यंगार आणि जोइस दोघंही कृष्णमाचार्यांचे शिष्य, हे नंतर कळलं. एकाच गुरूच्या हाताखालून एकानं घाम आणावा आणि दुसऱ्यानं पट्टे, विटा, खुर्च्या! पतंजली तर ‘स्थिरसुखमासनम्’, म्हणजे आसन स्थिर आणि सुखाचं असावं, असं म्हणून पुढे सरकले. अंगठ्याचं त्यांनी नावही काढलेलं नाही.

सहा महिन्यांत अंतर चार बोटांवर आलंय. एक पट्टा घरीही आणलाय. काल पलंगाखाली गेलेला मोजा मी त्यानंच ओढून काढत होतो.

“आता वाकता येतं ना तुम्हाला?” बायकोनं विचारलं.

“येतं की,” मी म्हटलं, “पण पाठ सरळ राहायला हवी.”