फ्रीजमध्ये ठेवलं की कायम टिकतं? नाही हो

सध्या एक मेसेज फिरतोय की घरी वाळवलेली औषधी पानं आणि टिंक्चर (अल्कोहोल किंवा व्हिनेगरमध्ये वनस्पती मुरवून काढलेला अर्क) फ्रीजमध्ये ठेवा, कधीच खराब होत नाहीत. हे चुकीचं आहे, आणि वाळवलेल्या पानांचं तर त्याने नुकसानच होतं. थंड बरणी बाहेर काढून लगेच उघडली की हवेतला ओलावा पानांवर बसतो आणि मग बुरशी धरते, सगळी मेहनत वाया. त्यापेक्षा पान चुरचुरीत मोडेल इतकं वाळवा, अख्खंच ठेवा, चुरा वापरताना करा (चुरा केला की वास लवकर उडतो), घट्ट झाकणाची काचेची बरणी अंधाऱ्या कपाटात, गॅसपासून लांब. पानं साधारण वर्षभर चांगली राहतात, मुळं-साली दोनेक वर्षं.

टिंक्चरमध्ये ४० टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असेल तर फ्रीज लागतच नाही, गडद रंगाच्या बाटलीत काही वर्षं आरामात टिकतं. फक्त ड्रॉपर लावून ठेवू नका, त्याचं रबर अल्कोहोलच्या वाफेने चिकट होतं, साधं झाकण लावा. व्हिनेगरवालं मात्र लवकर संपवा, त्याला पत्र्याचं झाकण नको, गंजतं.

आणि प्लीज लेबल लावा, वनस्पतीचं नाव, कुठला भाग, तारीख. वाळल्यावर सगळी पानं सारखीच दिसतात, अंदाजाने काहीही पोटात घेऊ नका.