वाळवंटातली थंडी वाळूची की आकाशाची?

"वाळू लवकर तापते, लवकर निवते. म्हणून वाळवंटात रात्री गारठा. यात वाद कसला?" पक्याने विषय तिथेच मिटवायला घेतला होता.

"मग समुद्रकिनारी का पडत नाही?" मास्तर म्हणाले. "तिथेही वाळूच की. दुपारी पाय पोळतात आणि रात्री घामाच्या धारा."

"तिथे शेजारी समुद्र असतो ना!"

"तेच सांगतोय. समुद्र म्हणजे दमट हवा. जमीन रात्रभर अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड किरणांतून उष्णता वर सोडत असते. हवेतली वाफ त्यातली बरीचशी शोषते आणि काही परत खाली धाडते. वाळवंटात ना वाफ, ना ढग. सगळी उष्णता सरळ आकाशात."

मी दुबईचा दाखला दिला. पाऊस नावाला, चहूकडे वाळवंट. तरी ऑगस्टच्या रात्री पारा ३० अंशांच्या आसपासच घुटमळतो, कारण आखातावरची हवा दमट.

पक्या हटेना. "म्हणजे वाळूचा काहीच हात नाही?"

आहे की. वाळूच्या कणांमध्ये हवा अडकलेली असते, त्यामुळे उष्णता खोल झिरपत नाही. तापतो तो वरचा थर, निवतोही तोच. अर्धा मीटर खाली दिवस-रात्रीचा फरक जवळपास कळतच नाही. म्हणून तर एवढे प्राणी बिळं करून राहतात.

"पण हाल बघा ना त्यांचे," मीना म्हणाली. "दिवसा होरपळ, रात्री कुडकुड."

हे मला अजिबात पटलं नाही. रात्रीचा गारठा ही त्यांची मिळकत आहे. उंटच घ्या. प्राणिशास्त्रज्ञ क्नुट श्मिट-नील्सन यांनी १९५०च्या दशकात सहारात जाऊन उंटांची मोजमापं घेतली. पाण्यावाचून राहिलेल्या उंटाचं अंग पहाटे ३४ अंशांपर्यंत उतरतं आणि दुपारी ४०च्या वर जातं. एवढं तापेपर्यंत तो घाम जपून ठेवतो, उष्णता अंगातच साठवतो आणि रात्री थंड हवेत सोडून देतो. ५०० किलोच्या उंटाचं तापमान ६ अंशांनी चढू दिलं, तर घामावाटे जाणारं सुमारे ५ लिटर पाणी वाचतं. रात्र उबदार असती तर हा हिशोब जुळलाच नसता. लोक मदारीत पाणी शोधत बसतात. तिथे असते चरबी.

"आणि सहारातली चंदेरी मुंगी?" पक्याने शेवटचा पत्ता टाकला. "ती तर भर दुपारी बाहेर पडते. तिला कुठे रात्र लागते?"

उत्तर मास्तरांकडे तयार होतं. त्या मुंगीच्या पाठीवर आणि कुशीवर बारीक केस असतात, आडवा छेद घेतला तर त्रिकोणी. ऊन त्यांच्यावरून परावर्तित होतं, हे झालंच. पण २०१५ साली संशोधकांनी दाखवलं, की हेच केस अंगातली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकायलाही मदत करतात, आणि तीही त्याच कोरड्या, मोकळ्या आकाशाकडे.

"भर दुपारी?" पक्याने विचारलं.

"भर दुपारी. आकाश रात्रीच उघडतं असं थोडंच आहे?"